डॉट कॉम सोडून डॉट इन घ्यावं का?

प्रश्न : महालात आमचं संत्रा बर्फीचं दुकान आहे. सहा वर्षांपासून डॉट कॉमवर वेबसाइट आहे. ऑर्डरी पुणे, इंदूर, हैदराबादहून येतात; दिवाळीत दोन-चार पार्सलं दुबईला जातात. साइट सांभाळणारा मुलगा म्हणतो, डॉट इनवर गेलो की गूगलमध्ये वर येऊ, दुबईसाठी डॉट एई घेऊ. काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, मुलाचं निम्मं बरोबर आहे. डॉट इन दिसलं की गूगल ती साइट भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे असं धरतं. डॉट कॉमला कुठलाच देश चिकटलेला नाही. पण तुमचा पत्ता महालातला, भाव रुपयांत, दुकान मॅपवर. गूगलला आणखी काय सांगायचं राहिलं? सहा वर्षांचं नाव सोडू नका.

माझंच सांगतो. सीताबर्डीच्या एका साडीवाल्यांची साइट मी अशीच डॉट इनवर नेली. जुनी पानं तीनेकशे. आळस केला आणि सगळी सरसकट नव्या होमपेजकडे वळवली. पैठणी शोधणारा माणूस होमपेज पाहून परत फिरायचा. पोळ्याच्या सुमारास हलवली, संक्रांतीपर्यंत दुकानातला फोन थंड. मालक काही बोलले नाहीत, उलट चहा पाजला. तेच जास्त लागलं. हलवायचीच वेळ आली तर प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडे ३०१ने (पान कायमचं हललं, असं सांगणारा कोड) वळवा, वळण किमान वर्षभर ठेवा आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीची गूगलची सोय) पत्ताबदल कळवा.

डॉट इन विकत मात्र घ्याच, नाहीतर इतवारीतलाच कुणीतरी घेईल. ते डॉट कॉमकडे वळवून ठेवा. दोन्हीकडे तीच साइट उघडी नको. घेताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा भाव विचारा. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, पाटीवर झकास दिसतं; पण तसला ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारत नाहीत.

डॉट एई म्हणजे दुसरी साइट पोसणं. दोन-चार पार्सलांसाठी काहून? तिथली मागणी वाढली तर याच डॉट कॉममध्ये दुबईचा वेगळा विभाग करा, भाव दिरहममध्ये द्या, आणि कुठलं पान कुठल्या देशासाठी हे एचरेफलँग या पानाच्या कोडमधल्या खुणेने गूगलला सांगा. डॉट इनवर गेलात तर हीच वाट अवघड होते. सर्च कन्सोलमध्ये देश निवडा, असं मुलाने कुठे वाचलं असेल तर ती सोय २०२२मध्येच बंद झाली.

तुमची साइट परवा फोनवर उघडली. बर्फीच्या पानावर एक फोटो आणि 'संपर्क करा', बस. वजन नाही, किती दिवस टिकते ते नाही, पुण्याला किती दिवसांत पोचते तेही नाही. मुलाला आधी ते लिहायला बसवा. फोटोही बदला, बर्फी त्यात सोनपापडीसारखी दिसते.