नॅस घेतलात, आता आधी यूपीएस आणा

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर साठवणारा डिस्कचा डबा. त्यात डिस्क बसवण्याआधी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा संच. खानापूरकडे पावसाळ्यात लाइट कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको, आणि डेटा लिहिला जात असताना वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडू शकते. दोन डिस्कच्या नॅसला ६०० व्हीए क्षमतेचा पुरतो, पण यूएसबी पोर्टवालाच घ्या आणि ती केबल नॅसला जोडा. नाहीतर बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळतच नाही, तो धाडकन बंद पडतो. राउटरही त्यावरच लावा.

डिस्क सीएमआर प्रकारची हवी, म्हणजे जिच्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत. एसएमआर, म्हणजे चढत्या पट्ट्यांची, स्वस्त मिळते, पण रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) डिस्क बदलल्यावर पुन्हा बांधताना इतकी मंदावते की नॅस तिला बाद ठरवू शकतो. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा ४ टीबीच.

आणि कृपा करून रेडला बॅकअप समजू नका! चुकून पुसलेला सातबारा दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. दर आठवड्याला यूएसबी डिस्कवर प्रत काढा, ती डिस्क सोडवून बेळगावात पाहुण्यांकडे ठेवा. वीज पडली तर घरातलं जोडलेलं सगळंच जळू शकतं.

राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. बाहेरून वापरायला राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची दारं) उघडू नका, व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) लावा.