शेजारचं घर पाडायला मंडळ हरकत घेऊ शकतं का?

प्रश्न: गिरगावातल्या एका जुन्या वाडीत आमचं रहिवासी मंडळ बरीच वर्षं काम करतं, पण त्याची नोंदणी झालेली नाही. वाडी हेरिटेज आहे. इथल्या एका लाकडी बंगल्याचे मालक परदेशात असतात. त्यांनी घर बिल्डरला दिलं. आता ते अतिधोकादायक असल्याचा अहवाल येऊन महापालिकेची नोटीस लागली आहे. तळमजल्यावर पागडीचे दोन जुने भाडेकरू राहतात. आम्ही वाडीच्या तोंडाशी मालक आणि बिल्डरची नावं घालून फलक लावले, तर बिल्डरच्या वकिलाने अब्रुनुकसानीची नोटीस धाडली. आम्ही कोर्टात जावं का? (वाडीचं नाव कृपया छापू नये.)
– मंडळाची चिटणीस

उत्तर: ताई, तुमचे कार्यकर्ते नाराज झाले तरी आधी हे सांगतो: शेजाऱ्याच्या घरावर मंडळाचा मालकीहक्क नाही आणि नकाराधिकारही नाही. मंडळ म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था नव्हे. मंडळाच्या ठरावाने फार तर मंडळाचे सभासद बांधले जातात, मालक नाही. मंडळाच्या हातात आहे ते एवढंच, की परवानग्या कायद्याप्रमाणे घेतल्या जातात की नाही हे बघणं आणि त्या तशा नसतील तर वेळेत बोलणं. हे वाटतं तितकं किरकोळ नाही.

‘वाडी हेरिटेज आहे’ हे तोंडी चालत नाही. मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली. आता विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला ५२वा विनियम लागू आहे. खोताची वाडी असो, माझगावची म्हातारपाखाडी असो की वांद्र्याचं रणवार, प्रश्न तोच: तो बंगला स्वतंत्रपणे वारसा यादीत आहे, की फक्त परिसर यादीत आहे, आणि श्रेणी कोणती? तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत पुनर्विकासाला सरसकट बंदी नसते. त्यामुळे ‘हेरिटेज आहे, म्हणून पाडता येणार नाही’ हा युक्तिवाद कोर्टात पाच मिनिटंही टिकणार नाही. माहिती अधिकारात आजच अर्ज करा: यादीतली नोंद, श्रेणी, बंगल्याच्या प्रस्तावाची फाइल, वारसा समितीकडे तो गेला का, गेला असल्यास शेरा काय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. पण त्या उत्तराची वाट बघत बसू नका. आयुक्त आणि वारसा समितीला लेखी हरकत त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.

आता नोटीस. ती बहुधा मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खालची असणार आणि अहवालात घर ‘सी-१’ वर्गात टाकलेलं असणार, म्हणजे रिकामं करून पाडण्याजोगं. लोक इथे एक घोळ करतात. घर खरंच पडायला आलं असेल तर ते उतरवलं जाईल. मात्र त्या जागी काय आणि किती उंच उभं राहील, हे त्या नोटिशीने ठरत नाही. त्यासाठीची परवानगी वेगळी, आणि तुमची हरकत मुख्यतः तिथे लागू पडते.

अहवालावरच शंका असेल तर ती घेण्याची पहिली जागा भाडेकरूंची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली धोकादायक इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तेव्हा भाडेकरूंनी स्वतःच्या खर्चाने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. पाडण्याआधी त्यांच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ मोजून नोंदलं जाईल, हेही पाहावं. घर गेलं म्हणजे भाडेकरूचा हक्क गेला, असं त्यांना कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शहा रतनशी खिमजी निकालात इमारत पाडल्याने भाडेकरार संपत नाही असंच म्हटलं आहे. घर उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारं जुनं घर) असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आणि भाडेकरूंची संमती हे दोन्ही प्रश्न येतात. तेही तपासा.

एक विनंती मात्र आहे. इंजिनिअर म्हणाला की तुळया कुजल्या आहेत, तर त्या दोन कुटुंबांना वाडी वाचवण्यासाठी आत बसवून ठेवू नका. पावसाळ्यात काही झालं तर त्याचं उत्तर मंडळाला द्यावं लागेल.

कोर्टाबद्दल. नोंदणी नसलेल्या मंडळाला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. पण म्हणून नोंदणीची वाट बघायची गरज नाही: बाधित रहिवासी व्यक्तिशः उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करू शकतात. नोंदणी तरीही करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात, मग १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. पुढच्या बंगल्याच्या वेळी ती उपयोगी पडेल. (पुढचा बंगला असेलच, माझ्या मते.) उशीर मात्र करू नका. चार मजले चढल्यावर आलेल्या याचिकाकर्त्याला ‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो.

याचिकेच्या आधी स्वतःची वाडी फिरून या. १९९५च्या नियमाच्या शब्दांत परवानगी लागणाऱ्या कामांत पाडकामच नव्हे, तर दुरुस्ती, बदल, गिलावा, रंगकाम हे सगळं येत असे. कौलांच्या जागी पत्रे कोणी घातले, व्हरांडा कोणी बंद करून खोली काढली, सागवानी खिडकी काढून अॅल्युमिनियमची कोणी बसवली? समोरचा वकील याचे फोटो पहिल्याच तारखेला दाखल करेल. निदान पदाधिकाऱ्यांची घरं तरी आधी नीट करा.

फलक आज उतरवा. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीच्या कलम ३५६ खाली, लोकहितासाठी केलेलं सत्य विधान हा बचाव आहे, पण ते सत्य असल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. तुम्ही फलकाचा मजकूर कळवलेला नाही, त्यावरून तो सौम्य नसावा असा माझा अंदाज आहे. विद्युत खांबावर बांधला असेल तर विद्रूपीकरणाचा वेगळा त्रास. नोटिशीला वकिलामार्फत थोडक्यात उत्तर द्या, माफी मागण्याची घाई नको आणि नवी विशेषणंही नकोत.

मालकांशी कोणी बोललं आहे का? पत्रात तसं दिसत नाही. निर्बंधांमुळे बुडालेल्या बांधकाम हक्कांपोटी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकाम हक्क) मिळण्याची तरतूद वारसा नियमांत आहे. ती या घराला लागू होते का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घेऊन मगच त्यांना ईमेल करा.

आणि भाडेकरूंना वेगळा वकील करू द्या. आज ते तुमच्याबरोबर आहेत. उद्या बिल्डरने टॉवरमध्ये चांगली जागा देऊ केली तर ती घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्या दिवशी एकच वकील दोघांचं वकीलपत्र सांभाळू शकणार नाही.