कंप्लायन्सचा, म्हणजे कायदे-नियम पाळण्याचा, खर्च कमी करायला कायझेन (सतत छोट्या सुधारणा), सिक्स सिग्मा (आकडे मोजून चुका कमी करणं) खरंच उपयोगी पडतं का?

पडतं. पण अकाउंट्सवाल्यांना ट्रेनिंगला पाठवून काही होणार नाही, कारण चूक त्यांच्याकडे जन्मतच नाही.

जीएसटीचंच घ्या. १४ तारखेला २बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेली बिलं आणि त्यावर तुम्हाला मिळणारं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) यांची यादी; २० ला ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं. मधले दिवस यादीशी न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन करण्यात जातात. हा निव्वळ चूक निस्तरण्याचा खर्च आहे, आणि पगारात मुरल्यामुळे तो कुठल्याच खात्यात दिसत नाही.

तीन महिन्यांची न जुळलेली बिलं काढा, प्रत्येकासमोर मूळ कारण लिहा. 'इतर' असा रकाना ठेवू नका, सगळं तिथेच जाऊन पडतं. मग पॅरेटो लावा, म्हणजे सर्वांत जास्त बिलं अडकवणारी मोजकी कारणं आधी काढा. सहसा हीच कारणं वर येतात: नोंद करताना बिल नंबरातली तिरकी रेघ किंवा शून्य गळालं, महाराष्ट्राच्या २७ ऐवजी तुमच्या गुजरात युनिटच्या २४ ने सुरू होणाऱ्या जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) बिल फाडलं, पुरवठादार तिमाही रिटर्नवाला आहे आणि १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना दरमहा बिलं चढवायची सोय) बिल चढवत नाही.

पहिल्याला पोका-योके (चूक होऊच न देणारी व्यवस्था) सोपा आहे. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यावरच्या क्यूआरमध्ये दोन्ही जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, रक्कम असते. गेटवर स्कॅन करून नोंद करा, टायपिंगच बंद. जीएसटीआयएन पीओशी (खरेदी ऑर्डरशी) जुळला नाही तर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अडला पाहिजे. तिमाहीवाल्यांना व्हेंडर कोड देतानाच आयएफएफची अट घाला.

इथे खरेदी विभाग म्हणतो, "जीएसटी आमचं काम नाही." तुमचंच आहे! पुरवठादार तुम्ही निवडलात. दोन टक्के भाव पाडल्याचं कौतुक करून घेता, मग त्याच बिलावरचं १८ टक्के क्रेडिट अडकलं तर तो आकडाही तुमच्याच केआरएमध्ये (कामगिरी मोजायच्या निकषांत) लागला पाहिजे. हे होत नाही तोवर ब्लॅक बेल्ट (सिक्स सिग्माचा तज्ज्ञ) आणा नाहीतर नवं सॉफ्टवेअर, तेच फोन चालू राहतील.

महिन्याला वीस-पंचवीस बिलं असतील तर एवढा खटाटोप नको. ऑडिट फी, लायसन्स फी यानं कमी होत नाही. आणि '२बीत दिसेपर्यंत पैसे अडवा' हा उपाय सूक्ष्म-लघु उद्योगांवर आंधळेपणाने लावू नका: लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, तुमच्याच अंगावर येतं.