लग्नानंतर गोव्यात आले आहे. रोजच्या स्वयंपाकासाठी पाककृतीचं कोणतं पुस्तक घ्यावं? तुम्ही नव्या पाककृती कुठून शोधता?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मडगावला आलात, घरात आठवड्यातले चार-पाच दिवस मासे असतात, आणि यूट्यूबवर एका हुमणाच्या, म्हणजे माशांच्या नारळी आमटीच्या, वीस तऱ्हा बघून कुठली धरावी ते कळत नाही. मी १९९८ साली सांगलीहून फोंड्याला सासरी आले. तेव्हा यूट्यूब नव्हतं, बाकी सगळं तुमच्यासारखंच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तक घ्यायचंच तर पहिलं 'रुचिरा' घ्या. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. माझी प्रत आईने रुखवतात ठेवली होती, आता तिची शिवण सुटली आहे आणि चकलीच्या पानावर तेलाचा डाग आहे. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत, आणि नव्याने शिकणारीला त्याचाच आधार वाटतो. तराजू नको, फक्त वाटी एकच ठरवून ठेवायची. माझी वाटी दीडशे मिलिलिटरची आहे. गेली सत्तावीस वर्षं तीच वापरते, आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहूनही ठेवलंय. पुरणपोळी, लाडवांचे पाक, लोणची, दिवाळीचा फराळ यांसाठी मी आजही तेच उघडते. गोव्याच्या दमट हवेमुळे त्यात थोडी भर घालावी लागते. चिवड्याच्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीने लिहिलंय, 'पोहे उन्हात दोन दिवस, मग कढईत पुन्हा कोरडे भाजणे'. तुम्हीही पुस्तकात लिहीत चला. कोरं राहिलेलं पाककृतीचं पुस्तक वापरलेलं नसतं.

दुसरं घ्यायचं असेल तर सारस्वत महिला समाजाने काढलेलं 'रसचंद्रिका'. मूळ मराठी पुस्तक १९४३ चं आहे, पुढे इंग्रजीतही आलं. ते चित्रापूर सारस्वतांच्या घरचं, म्हणजे कारवार-मंगळूरकडच्या चवीचं, तरी ओल्या नारळाचं वाटप आणि आंबटासाठी चिंच ही बैठक आपल्याकडच्या जेवणाशी जुळते. सोमवारी आणि श्रावणात घरात शिवराक, म्हणजे बिनमाशांचं जेवण, असतं तेव्हा 'आज काय करू' हा प्रश्न मी त्यातूनच सोडवते. त्यातलं सासम, म्हणजे मोहरी-खोबऱ्याचं वाटण लावलेलं फळांचं कालवण, इथल्या सासवाची सख्खी बहीण आहे.

तिसरं कोणतं, ते मी सांगणार नाही. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेली संस्था. तिथे जाऊन पुस्तकं आधी चाळा आणि मगच पैसे घाला. पारख करायची माझी रीत अशी, की तुम्हाला डोळे मिटून येतो तो पदार्थ त्यात काढायचा. साबुदाण्याची खिचडी म्हणा. साबुदाणा किती वेळ भिजवायचा, बोटांनी दाबल्यावर कसा लागला पाहिजे, झाकण कधी ठेवायचं, हे लिहिलं असेल तर लिहिणारीने तो पदार्थ खरोखर रांधलाय. नुसतं 'गरजेनुसार पाणी, चवीनुसार मसाला' असेल तर ठेवून द्या, फोटो कितीही सुंदर असोत.

पण तुम्हाला खरं हवंय ते हुमण, तोणाक (कडधान्याचा नारळी रस्सा), उडीदमेथी, खतखतं (अनेक भाज्यांची, डाळ घातलेली भाजी). ते मला पुस्तकांत फारसं सापडलं नाही, माणसांकडे सापडलं. तेही विचारून नाही.

विचारल्यावर काय होतं ते सांगते. पहिल्या वर्षी सासूबाई गावी गेल्या होत्या आणि मला खतखतं करायचं होतं. फोनवर त्यांनी भाज्या सांगितल्या: दुदी, नवलकोल, सुरण, कणगां (एक कंद), शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस. मी बाजारातून छान कोवळा दुधी आणला. तो डाळीत विरघळून गेला आणि सगळं पातळ पिठल्यासारखं झालं. कोंकणीत दुदी म्हणजे लाल भोपळा, हे मला त्या दिवशी कळलं. पाककृती अगदी बरोबर होती, एका शब्दाने घात केला. तेव्हापासून माझ्या वहीचं शेवटचं पान शब्दांचं आहे. सुरमई म्हणजे इसवण, कोळंबी म्हणजे सुंगटां, आमसुलं म्हणजे सोलां, टाकळा म्हणजे तायकिळो, खोवलेलं खोबरं म्हणजे सोय. तुम्ही हे पान आजच सुरू करा.

मापांचंही तसंच. 'नारळ किती घालू?' विचारलं की सासूबाई म्हणायच्या, 'मातशें घाल, हाताक कळटा', म्हणजे थोडंसं घाल, हाताला कळतं. त्यांच्या हाताला कळायचं, माझ्या नाही. मग मी विचारणं सोडलं आणि वाटी घेऊन शेजारी उभी राहू लागले. त्या मुठीने खोबरं घ्यायच्या, ती मूठ आधी माझ्या वाटीत, मग रगड्यात. मिरच्या मोजायच्या, तिरफळं (माशांच्या आमटीत घालायचा उग्र वासाचा मसाला) मोजायची, चिंचेची गोळी लिंबाएवढी की सुपारीएवढी ते बघायचं. पहिल्यांदा त्यांना थोडी अडचण वाटली, नंतर त्याच हाक मारायच्या, 'वाटी हाड गो', म्हणजे वाटी आण गं. अशी दोन वर्षांत चाळीसेक पदार्थांची मापं उतरली. त्या आता नाहीत. त्यांच्या हातची चव घरात आहे ती या वहीमुळे, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते. घरात सासूबाई, आजेसासूबाई, शेजारच्या वयनी असतील तर पुस्तकाच्या दुकानाआधी त्यांच्याशेजारी उभ्या राहा.

बांगड्याच्या हुमणाचं त्या वहीतलं माप असं: मध्यम पाच बांगडे, दोन वाट्या ओलं खोबरं, आठ-नऊ सुक्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. हे गंधासारखं बारीक वाटायचं. वाटप पाणी घालून उकळलं की मीठ, बांगडे आणि आठ-दहा तिरफळं घालायची, आणि पाच-सात मिनिटांत उतरवायचं. फोडणी नाही. तिरफळातली काळी बी काढून टाकायची आणि टरफल नुसतं ठेचायचं. वाटपात वाटलंत तर कडवट होतं. आणि तिरफळ बांगडा, तारले अशा तेलकट माशांना, सुंगटांच्या हुमणात मी कधी घालत नाही.

बाजारातही पाककृती मिळतात, आणि ताज्या. मडगावच्या मासळी बाजारात एक नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, धरून ठेवा, रोज तिच्याकडूनच घ्या. महिनाभरात ती स्वतःहून सांगू लागेल, हे आज तळ, ते हुमणाला ने, या माशात काटा फार. अनोळखी मासा दिसला तर 'हें नुस्तें कशें करप?' (हा मासा कसा करायचा?) एवढंच विचारा. मला शेवटे नावाच्या माशांचं सुकं असंच मिळालं, दोन वाक्यांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी मे महिन्यात लोक पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी करतात: सुकी सुंगटां, सुके बांगडे, सोलां, मिरच्या, चिंच. तेव्हा विकणारणीला किसमुराबद्दल, म्हणजे सुक्या माशांच्या खोबरं घातलेल्या कोशिंबिरीबद्दल, विचारा. पावसाळ्याचे दोन महिने त्यावर निभतात.

आता यूट्यूब. मी बघते, रोज बघते. शोधताना मात्र 'गोव्याची फिश करी' असं घालू नका, पदार्थाचं इथलं नाव घाला: हुमण, तोणाक, सुकें. रोमी लिपीत शोधायचं तर एक गोष्ट माहीत हवी. इथलं लेखन पोर्तुगीज वळणाचं आहे आणि त्यात एक्स या अक्षराचा उच्चार 'श' होतो. शागोती एक्सने सुरू होते, एस-एचने शोधलंत तर चांगले व्हिडिओ निसटतात. एका पदार्थाचे तीन व्हिडिओ बघा, तिन्ही घरगुती बायकांचे, आणि तिघी जे सारखं करतात तेवढंच वहीत उतरवा. तुमच्या त्या वीस हुमणांत नारळ, सुकी मिरची, हळद आणि आंबट बहुतेक सगळीकडे सापडेल. तो पाया. कांदा, धणे, मिरी ही घराघरची आवड, ती तुमच्या सासरची कोणती ते सासूबाईंच्या रगड्याशी कळेल.

पहिल्या खेपेला तिरफळं सहाच घाला, पुण्याच्या जिभेला वास एकदम पुष्कळ वाटतो. आणि खतखतं चतुर्थीच्या आधी एकदा चार माणसांपुरतं करून बघा. चतुर्थीला घर भरलेलं असतं, आणि त्या दिवशी नव्या सुनेच्या हातात पहिल्यांदा येतं ते खतखत्याचंच मोठं पातेलं.