तीनशे सत्तर रुपये माग तिच्याकडे

ताई,

आम्ही पाच जणी शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. दरवर्षी संक्रांतीच्या आधी एक दिवस ठरवून तुळशीबागेत जातो. हळदीकुंकवाचं वाण घेतो, मिसळ खातो, उगाच भटकतो. यंदाही गेलो. वनाजला मेट्रोत बसलो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. रिक्षा नाही, पार्किंगची कटकट नाही. दिवस इतका छान गेला!

आमच्यातली एक माझी बाकावरची. पाचवी ते दहावी आम्ही एकाच बाकावर बसलो. दोन वर्षांपूर्वी तिच्या मिस्टरांची नोकरी गेली, तेव्हापासून ती पोळी-भाजीचे डबे देते. मला तिच्यासाठी फार वाटतं. तिला एका ठिकाणी कानातले आवडले. अडीचशेचे एकशे ऐंशीवर आले होते, तरी बराच वेळ घासाघीस चालूच होती, म्हणून शेवटी मीच पटकन पैसे देऊन टाकले. मिसळ ती नको म्हणत होती, पोट भरलंय म्हणे. पण आम्ही चौघी खाणार आणि ती बघत बसणार, हे बरं दिसतं का? तिच्यासाठीही मागवली. मग आईस्क्रीम झालं. रात्री मी ग्रुपवर सगळ्यांचा हिशेब टाकला आणि तिच्या नावापुढे लिहिलं, ‘हिचे ३७० माझ्याकडून, हिने पाठवू नयेत’, आणि एक लाल बदाम. तरी तिनं दहा मिनिटांत पैसे पाठवलेच. मी अर्थातच लगेच परत पाठवले.

तेव्हापासून ती ग्रुपवर गप्प आहे. माझ्या हळदीकुंकवाला आली नाही. फोन केला तर डब्यांची गडबड आहे म्हणाली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत माझं काय चुकलं? चांगुलपणाचा जमाना राहिला नाही, असंच समजायचं का?

– एक मैत्रीण, कोथरूड

* * *

अगं मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मिसळीपाशी थांबले, दुसऱ्यांदा त्या लाल बदामापाशी. तिसऱ्यांदा मात्र एका शब्दाला अडखळले आणि तिथेच बसून राहिले. ‘मी अर्थातच लगेच परत पाठवले.’ किती सहज लिहून पुढे गेलीस! उंबऱ्यात आलेलं मांजर शुक् करून हाकलावं, तसं.

ती तुझ्याकडे आली नाही, त्याला मिसळही कारण असेल, ग्रुपवरचा मेसेजही असेल, कानातले तर असणारच. पण ते सगळं तिनं गिळलं होतं गं. दिवसभराचं सगळं गिळून, दुसऱ्या दिवशीची कणीक-भाजी डोक्यात असताना, रात्री फोन हातात घेऊन तिनं तुला ३७० रुपये पाठवले. भांडली नाही, टोमणा मारला नाही. शाळेत बाकाच्या मधोमध कर्कटकाच्या टोकानं रेघ मारायचो आठवतंय? ही तुझी बाजू, ही माझी. ती रेघ तिनं पुन्हा मारली आणि आपल्या बाजूला सरळ बसली. म्हणजे ती अजून त्याच बाकावर होती! आणि तू एका बोटानं रेघ पुसून टाकलीस.

आमच्या वाड्यात एक काकू होत्या. त्यांचं घरचं बरं होतं. आमचं एक वर्ष असं गेलं, की महिनाअखेरीला आई डबे उघडायच्या आधी हलवून बघायची, आत काही वाजतंय का. श्रावणातल्या एका सोमवारी काकूंकडून वाटीभर खीर आली. आईनं ती आम्हा भावंडांना वाटली, वाटी घासली, आणि मग ती फडताळासमोर नुसतीच उभी राहिली. शेजारची वाटी रिकामी परत पाठवायची नसते, हे तुला मी सांगायला नको. साखरेच्या डब्याच्या कडेला चिकटलेली चमचाभर साखर होती, ती तिनं खरवडून वाटीत घातली आणि मला पाठवलं. मी ती वाटी हातानं झाकून नेली, जिन्यात कोणी बघू नये म्हणून.

काकूंनी वाटी घेतली. ‘अगं, कशाला!’ म्हणाल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. आपला साखरेचा डबा काढला, ती चमचाभर साखर त्यात ओतली, वाटी विसळून पालथी घातली आणि म्हणाल्या, ‘आईला सांग, मिळाली.’ आई पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याबद्दल बोलायची. त्या बोलण्यात खीर क्वचितच यायची, त्यांनी साखर ओतून घेतली ते दरवेळी यायचं.

तुझ्या बाकावरचीनं वाटी भरून पाठवली होती. तू ती तिच्याच दारात पालथी केलीस.

आता कानातल्यांचं. ‘बराच वेळ घासाघीस चालूच होती, म्हणून मीच पटकन.’ अगं, घासाघीस चालली होती म्हणजे तिची मजा चालली होती! पेशवाईत नारो अप्पाजी खिऱ्यांनी तुळशीबागेत राममंदिर बांधलं, त्याच्याभोवती पुढे हा सगळा बाजार दाटला, आणि पुण्यातल्या कितीतरी मुली भाव करायला तिथेच शिकल्या. मी शिकले आईच्या पदराआडून. आवडलेली वस्तू आधी बाजूला ठेवायची आणि नावडतीचा भाव विचारायचा. मग सहज बोलल्यासारखं, ‘आणि हे?’ तो अडीचशे म्हणाला की हसायचं. काहीच न बोलता वस्तू खाली ठेवून चार पावलं पुढे जायचं, पाठीमागून ‘ओ ताई, या, तुमचं राहू द्या’ ऐकू येईपर्यंत. एकशे ऐंशीवर आणलं होतं तिनं. दीडशेला सोडवले असते बहुतेक. डब्यांचा धंदा करते ती. रोज मंडईत पालेभाजीच्या जुडीवरून भाव करून बोटांना घट्टे पडलेली बाई, ती काय एकशे ऐंशी देणार होती?

मला ते दृश्य दिसतं. त्यानं पुठ्ठ्यावरून एक कानातलं सोडवून तिच्या हातात दिलंय, दुसऱ्या हातात तो कडा उडालेला छोटा आरसा. तिनं केस कानामागे सारलेत, मान तिरकी केलीय. डबे, गॅस सिलिंडर, मिस्टर, सगळं क्षणभर त्या आरशाबाहेर. आणि तेवढ्यात तिच्या खांद्यावरून तुझा हात पुढे येतो, फोन धरलेला. मग ते बोलणारं खोकं ओरडतं, ‘एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!’ हल्ली प्रत्येक टपरीवर ते असतं. पलीकडच्या टिकल्यावाल्यालाही कळलं असेल, कोणी दिले आणि कोणासाठी. दुकानदार तर खूशच. त्याची बाजी हरत आली होती, तू त्याला जिंकून दिलीस.

त्यावर मिसळ. तिनं घरूनच ठरवलं होतं, आज कानातले की मिसळ. आपण सगळ्याच असं ठरवतो, फरक रकमेचा असतो. तिनं ठरवून आलेलं तू मोडलंस, कारण तुला ‘बरं दिसत नव्हतं’. कोणाला बरं दिसायचं होतं गं ते? एक कप चहा मागवला असतास तिच्यासाठी, तर तिनं तो फुरके मारत तासभर पुरवला असता आणि तुमच्या ताटलीतली शेव चोरून खाल्ली असती. शाळेत डबा असाच खायचात ना?

बाकीच्या तिघींनी तुझ्या मेसेजला अंगठे दाखवले असतील. त्यांच्याबद्दल आज मला काही बोलायचं नाही.

तू म्हणतेस, मला तिच्यासाठी फार वाटतं. वाटतच असेल. मी तुला लबाड म्हणत नाही, तू मनानं चांगली आहेस आणि म्हणूनच मला तुझा जास्त राग येतोय. खडूस बाईनं हे केलं असतं तर बाकावरचीनं तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. तुला ती सुनावू शकत नाही. तुझ्या चांगुलपणानं तिचं तोंड बांधलंय. तिला रागवायचीसुद्धा सोय तू ठेवली नाहीस, मग ती बिचारी डब्यांची गडबड सांगणार नाही तर काय करणार?

आणि गंमत बघ, त्या दिवशी तुम्ही गेला होतात कशाला? वाण घ्यायला. वाण आपण ‘लुटतो’ म्हणतो. जी येईल तिला तीच वाटी, तोच चमचा. घेणारीला ओशाळं वाटत नाही, कारण उद्या तिच्या घरी जाऊन तिचं वाण तू घेणार असतेस. आहेराच्या वहीचंही तेच. कोणी किती दिलं ते लिहून ठेवतात म्हणून नवी पोरं हसतात. अरे बाबांनो, लिहून ठेवतात ते त्यांच्याकडच्या कार्यात तेवढं परत करता यावं म्हणून. देणं-घेणं हा जोडशब्द आहे. तू त्यातलं अर्धं स्वतःकडे ठेवलंस, आणि तेही वरचं.

तर आता काय करायचं? एकच गोष्ट. फोन कर आणि तिच्याकडे ते ३७० रुपये माग.

हो, माग. डोळे मोठे करू नकोस. ‘अगं, ते तीनशे सत्तर पाठव ना. मी परत करायला नको होते.’ एवढी दोन वाक्यं. त्याच्या मागे-पुढे काही जोडू नकोस. ‘तुझी परिस्थिती’ हा शब्द तर तोंडातून काढूच नकोस. ‘मला माफ कर’ म्हणून रडायला लागशील, तर पुन्हा तीच तुझी समजूत घालत बसेल, म्हणजे ओझं परत तिच्याच डोक्यावर. ती थोडा वेळ गप्प राहील. राहू दे. कदाचित म्हणेल, ‘जाऊ दे गं आता.’ तू म्हण, ‘जाऊ दे नाही, पाठव.’ ज्या आवाजात शाळेत ‘माझी पेन्सिल दे’ म्हणायचीस, त्या आवाजात.

आता तू म्हणशील, मिसळ तर मीच मागवली होती, त्याचे पैसे तरी तिच्याकडून कसे घ्यायचे? ते तेव्हा सुचायला हवं होतं. तिनं ३७० पाठवले होते, तेवढेच पूर्ण घे. पुन्हा हिशेब करत बसलीस तर माझ्याशी गाठ आहे.

पैसे आले की ‘मिळाले’ एवढंच लिही. तिला एकटीला, ग्रुपवर नाही. बदाम नको, हात जोडलेले नकोत. आणि मी तुला या एवढ्याशा पत्रावरून ओळखते, त्या पैशांचं काहीतरी घेऊन तू तिच्या दारात जाशील. जाऊ नकोस. त्याची भाजी आण, दूधवाल्याला दे, खर्चून टाक. तिच्याकडून पुरणपोळ्या किंवा चकल्या घेत असशील तर ठरलेला भाव दे, वर पन्नास टेकवू नकोस. (टेकवतेस. मला खात्री आहे.)

ती लगेच पूर्वीसारखी बोलेल असं मी सांगत नाही. दोन-चार दिवस लागतील, कदाचित जास्त. पण रथसप्तमी अजून व्हायचीय, तिचं हळदीकुंकू राहिलं असेल. बोलावणं आलं तर वेळेवर जा, वाण हातात घे, ते केवढंसं का असेना, आणि पिशवीत टाक. पुढच्या वर्षी तुळशीबागेत ती भाव करायला थांबली, तर तू तिच्या पिशव्या धर आणि तोंड बंद ठेव.

अजून एक. तुझ्या अख्ख्या पत्रात कानातल्यांची किंमत आहे, ते कसे होते हे कुठेच नाही. मोत्यांचे होते का? लोंबते, की कुड्या? तिला शोभले का? तू बघितलंच नसावंस, तुझं लक्ष पैसे द्यायच्या घाईत. फोनवर तेही विचार, पण पैशांचं बोलून झाल्यावर. आणि सकाळी करू नकोस, एकपर्यंत तिचे डबे असतात.