दहावी राहिलीय, हात मात्र चालतो: पाबळला घालावं का?

ताई, भाचा गणितात दुसऱ्यांदा गेलाय, पण विहिरीवरची मोटर स्वतः खोलून बसवतो. त्याला पाबळच्या विज्ञान आश्रमात घालावं का आणि पुढे स्कोप काय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर जरूर घाला. फक्त सर्टिफिकेटवर डोळा ठेवून घालू नका.

जागा छोटी आहे. पाबळ म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव (मस्तानीची समाधी आहे ते हेच). डॉ. श्रीनाथ कालबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. हाताला काम मिळालं की डोकंही चालायला लागतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. शाळेत न रमलेली पोरं घेऊनच त्यांनी तो कसाला लावला.

कोर्स वर्षाचा, निवासी. नाव डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाची प्राथमिक पदविका; सगळे त्याला डीबीआरटी म्हणतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांतून प्रत्येकाला जावं लागतं. म्हणजे मोटरवाला तुमचा भाचा बेकरीतही उभा राहणार आणि रक्तगटही तपासायला शिकणार. सुरुवातीला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

मला तिथलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते कॉस्टिंग. लोखंडी स्टँड वेल्ड करून झाला म्हणजे काम संपलं असं नाही. अँगल किती फूट लागला, कापताना वाया किती गेला, रॉड किती जळले, रंग, वीज, मजुरी, हे सगळं मांडून विकायचा भाव काढायचा. कोंबड्यांचंही तेच: खाद्य रोज मोजायचं, पक्षी वजन करायचे आणि किलोमागे खाद्य किती पडलं ते काढायचं. वर्गात ज्याच्यापुढे पोरगं हात टेकतं ते शेकडेवारी-गुणोत्तर इथे खिशाशी येऊन भिडतं. गावात वेल्डिंग येणारे ढिगाने आहेत, पण कोटेशन नीट देणारा शोधावा लागतो. माझ्या मते खरा स्कोप तो.

आणि हो, खेड्यातलं म्हणून जुनाट समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने बाहेर उभ्या केलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर डिझाइन करून मशीनवर वस्तू बनवायची कार्यशाळा) एक पाबळची, २००२ ची. लेझर कटरवर हात बसवायची संधी शहरातल्या कितीतरी इंजिनिअरिंगवाल्यांनाही मिळत नाही.

आता दुसरी बाजू. रेल्वे, महावितरण अशा ठिकाणी लागायचं असेल तर तिथे ट्रेडचा कागद मागतात, म्हणजे आयटीआयच करावं लागेल. पण पंधरा-सोळाव्या वर्षी वायरमन की फिटर हे पोराला तरी कुठे ठाऊक असतं? बहुतेकांच्या घरी ते मामा-काका ठरवतात. वर्षभर चारही कामं करून मग आयटीआयला गेला तर ट्रेड त्याचा तो निवडेल. त्यातच न थांबता स्वतःचं फॅब्रिकेशन टाकावं म्हणाला, तरी चांगलंच.

दहावी मात्र सोडू देऊ नका. मुक्त विद्यालयातून राहिलेले विषय देता येतात, तो फॉर्म वेगळा भरा. फी आणि प्रवेशाच्या तारखा आश्रमात फोन करून विचारा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि बघायला जाल तेव्हा भाच्याला घेऊनच जा. तुम्ही ऑफिसात बोलत बसा, त्याला वर्कशॉपमध्ये सोडा आणि परतताना तिथल्या मुलांना काय काय विचारलंस एवढंच विचारा. त्याने काहीच विचारलं नसेल तर प्रवेशाची घाई करू नका.