टॉर्नेडोचा वेग

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये पूर्वी असलेली टॉर्नेडो ही कॅटमरान (दोन समांतर सांगाडे जोडून केलेली शिडाची नौका) कोणी आखली आणि ती इतकी वेगवान कशामुळे?

उत्तर : टॉर्नेडोचा आराखडा ब्रिटनच्या रॉडनी मार्च यांनी १९६७ मध्ये केला, सुरुवातीच्या नौका पातळ प्लायवूड वाकवून बांधल्या जात. लांबी सुमारे ६.१ मीटर, तर रुंदी तिच्या निम्मी, आणि वेगाचे मर्म या रुंदीतच आहे. साध्या होडीला कलंडू नये म्हणून रुंद बूड किंवा तळाशी वजन लागते. येथे स्थैर्य दोन हलांमधील, म्हणजे नौकेच्या दोन सांगाड्यांमधील, अंतरातून मिळते, त्यामुळे प्रत्येक हल अगदी निमुळता ठेवता येतो आणि पाणी कापताना लाटा उठवण्यात फारशी शक्ती वाया जात नाही. वारा वाढला की वाऱ्याकडचा हल उचलला जातो. तेव्हा ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीवरून खाली आलेल्या, तारेला लटकलेला खलाशी अंग बाहेर झोकून तो हल पाण्याला जेमतेम टेकेल इतका तोलून धरतो. हे कौशल्य खरोखर थक्क करणारे आहे. १९७६ च्या पहिल्याच ऑलिंपिक शर्यतीत रेग व्हाइट व जॉन ऑस्बर्न यांनी सुवर्णपदक जिंकले. २००८ नंतर टॉर्नेडो वगळली गेली, हा निर्णय आम्हाला आजही खटकतो. २०१६ मध्ये नॅक्रा १७ च्या रूपाने कॅटमरान परतली.